पार्सलच्या धंद्यासाठी ट्रान्झिट विमा: दहा महिन्यांचा अनुभव

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी सीताबर्डीत शिरलं. ओळखीच्या दुकानदाराचा माल चिखलातून काढायला मी गेलो होतो. त्याच धास्तीनं गेल्या जूनमध्ये ओपन ट्रान्झिट पॉलिसी घेतली, म्हणजे वाटेतल्या मालाचा सगळ्या फेऱ्यांसाठी एकच विमा. धंदा लहान आहे: दोन छोटे हत्ती (लहान टेम्पो), तीन दुचाक्या, इतवारी-गांधीबागचा माल काटोल, उमरेड, वर्ध्यापर्यंत.

ऑगस्टमध्ये उमरेड रोडवर भर पावसात ताडपत्री फाटली. साड्यांचे सात बॉक्स भिजले. पहिला बॉक्स उचलला तर खालचा पुठ्ठाच हातात आला. लाल साडीचा रंग शेजारच्या मोतिया साडीच्या काठात उतरला होता.

क्लेम नामंजूर. कारण एक अक्षर. पॉलिसीवर 'इनलँड ट्रान्झिट क्लॉज बी' लिहिलं होतं. बी म्हणजे आग, वीज, पूल तुटणं, गाडीची टक्कर, गाडी उलटणं. पाऊस त्यात नाहीच! सी तर फक्त आग आणि वीज. ए मध्ये सगळी जोखीम येते, वगळलेल्या गोष्टी सोडून. कच्चं पॅकिंग, उशीर वगैरे वगळलेल्यांत मोडतात. मी एजंटला पावसाचं स्पष्ट बोललो होतो. 'सगळं कव्हर आहे भाऊ,' म्हणाला आणि बी हातात ठेवलं. ए आणि बी मध्ये वर्षाचा फरक होता २,३४० रुपयांचा. तेवढ्यासाठी ३१ हजार माझ्या खिशातून गेले. हे मी अजून विसरलेलो नाही.

कोणी म्हणेल, २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याच्या नियमांप्रमाणे बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) जास्त किंमत लिहून जादा भाडं घेतलं नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. खरं आहे. माझं भाडं बॉक्समागे १२० रुपये, म्हणजे सात बॉक्सचे ८,४००. पण ज्या शेठजींनी नऊ वर्षं माल दिला, त्यांना मी ८,४०० रुपये सांगू? पूर्ण भरून दिले.

तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर कंपनीला शिव्याच घातल्या असत्या. आता तसं म्हणवत नाही. सप्टेंबरात फरक भरून ए करून घेतलं. जानेवारीत काटोलला माल उतरवताना काचेच्या भांड्यांचा बॉक्स हमालाच्या हातून निसटला. फोटो, बिल्टी, व्यापाऱ्याचं बिल त्याच दिवशी पाठवलं. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं थर्माकोलचं पॅकिंग नीट बघितलं. एकोणिसाव्या दिवशी पैसे जमा, एक्सेसचे, म्हणजे आपण सोसायच्या हिश्शाचे, दोन हजार कापून. कटकट नाही, फेऱ्या नाहीत. बी वर हे मिळालंच नसतं.

दुचाकीवाल्यांनीही आपली पॉलिसी काढून बघा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत 'वापराची मर्यादा' असते. भाड्यानं वापर आणि मालवाहतूक तिथं वगळलेली असते. पोरगा पार्सल घेऊन पडला, तर गाडीच्या क्लेमला तिथंच अडवतील. माझ्या तीनही दुचाक्यांचा विमा मी आता वेगळा केला.

जूनमध्ये नूतनीकरण आहे. ए राहीलच. एजंट बदलला. नव्याला पहिलाच प्रश्न लेखी विचारलाय: संध्याकाळी आलेला माल रात्रभर माझ्या गाळ्यात पडून असतो, तेव्हा तो ट्रान्झिटमध्ये धरता की नाही? उत्तर ईमेलवर आल्याशिवाय चेक देणार नाही.