इटलीच्या खेड्यात आठवडाभर घर: टस्कनी, उंब्रिया की पुल्या?

इटलीच्या खेड्यात घर भाड्याने घेऊन आठवडाभर राहायचं ठरलं, की आपण आधी फोटो बघत बसतो. टेकडीवरचं दगडी घर, सायप्रसची सडपातळ झाडं, अंगणात स्विमिंग पूल. माझं म्हणणं असं, की फोटो उघडण्याआधी दोन नावं कागदावर लिहा: गाडी कोण चालवणार आणि ओट्याशी कोण उभं राहणार. सुट्टी त्या दोघांचीही आहे. त्यांचा विचार आधी केला, तर प्रदेश आणि घर दोन्ही निवडणं सोपं जातं.

तुलनेसाठी मी आठ जणांचं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवलं आहे: आजी-आजोबा, दोन जोडपी, दोन शाळकरी मुलं. आजींचे गुडघे दुखतात आणि निम्मं घर शाकाहारी आहे. प्रदेश तीन: टस्कनी, तिला लागून असलेला उंब्रिया आणि इटलीच्या बुटाच्या टाचेकडचा पुल्या.

टस्कनी: नाव मोठं, रस्ता वळणाचा

फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला द्राक्षमळ्यांचा डोंगराळ पट्टा म्हणजे कियांती. सिएनाच्या दक्षिणेला गव्हाच्या शेतांचं व्हाल दोर्चा हे खोरं आहे. ते 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कॅलेंडरवर दिसते ती टस्कनी बहुतेक वेळा हीच.

इथली भाड्याची घरं मुळात 'कासा कोलोनिका', म्हणजे कुळांची घरं. निम्मं पीक मालकाचं, निम्मं कुळाचं, अशी 'मेत्साद्रिया' पद्धत इथे शतकानुशतकं चालली. आपण जिला अर्धेलीची शेती म्हणतो तीच. खाली गोठा, वर माणसं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहरांकडे निघून गेली, 1964 मध्ये कायद्याने असे नवे करार बंद झाले, आणि ओस पडलेली घरं पुढे शहरी आणि परदेशी लोकांनी घेऊन दुरुस्त केली. हा इतिहास घर निवडताना कामाला येतो. जुन्या गोठ्याची बैठकीची खोली झालेली असते, झोपायच्या खोल्या मात्र वरच राहतात. जिना दगडी, कधी कधी घराच्या बाहेरून. आजींना रोज दोनदा तो चढायचा आहे.

अंतर किलोमीटरात मोजू नका, मिनिटांत मोजा. कियांतीतल्या ग्रेव्हे गावापासून फ्लोरेन्स जेमतेम 30 किमी, पण पाऊण तास ते तास लागतो. व्हाल दोर्चातल्या पिएन्त्साहून फ्लोरेन्सला जाऊन त्याच दिवशी परतायचं, तर जवळजवळ चार तास गाडीत जातात. शिवाय अनेक घरांकडे जाणारा शेवटचा टप्पा 'स्त्रादा ब्यांका' असतो, म्हणजे खडीचा पांढरा कच्चा रस्ता. कोकणात मोठा रस्ता सोडून वाडीत उतरताना गाडी जशी जपून न्यावी लागते तशीच इथेही, फक्त स्टिअरिंग डावीकडे आणि वाहतूक उजव्या बाजूने. दिवसा ठीक. रात्री जेवून परतताना अनोळखी माणसाला ते जड जातं.

दोन जण हौसेने गाडी चालवणारे असतील, वाइनची आवड असेल आणि जिन्यांची कुणाला भीती नसेल, तर टस्कनीला तोड नाही. आपल्या आठ जणांसाठी मी जरा थांबेन.

उंब्रिया: समुद्र नाही, पण गुडघ्यांची काळजी आहे

उंब्रियाला समुद्रकिनारा नाही, फ्लोरेन्ससारखं एकही शहर नाही, म्हणून पहिल्या सहलीत तो वगळला जातो. मला हे पटत नाही. टेकडीवरची जुनी गावं इथेही आहेत, पण वर जाण्याची सोय वेगळी आहे. ओर्व्हिएतोला रेल्वे स्टेशनासमोरून केबलने ओढली जाणारी गाडी थेट वर नेते. पेरुजात रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने आहेत. स्पोलेतोतही सरकत्या जिन्यांनी वरपर्यंत जाता येतं. आजी गावात खाली गाडीत बसून राहत नाहीत, सगळ्यांबरोबर वर येतात. माझ्या लेखी याची किंमत कोणत्याही देखाव्यापेक्षा जास्त आहे.

दुसरी सोय रेल्वेची. स्पेल्लो, असिसी, स्पोलेतो, ओर्व्हिएतो या सगळ्यांना स्टेशन आहे. असिसीचं मात्र टेकडीखाली आहे, वर जायला बस. म्हणजे गाडी चालवणाऱ्याला एखाद-दुसरा दिवस सुट्टी मिळते.

त्रासिमेनो सरोवराचा पश्चिम काठ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. कास्तिल्योने देल लागो हे तिथलं गाव फ्लोरेन्स ते रोम जुन्या रेल्वेमार्गावर आहे, दीड-दोन तासांत साध्या गाडीने फ्लोरेन्स गाठता येतं. आजूबाजूचा भाग बराचसा सपाट. कोर्तोना आणि मोंतेपुल्चानो ही टस्कनीतली गावं पाऊण तासाच्या आत. म्हणजे मुक्काम उंब्रियात आणि टस्कनी हाताशी. एक उणीव सांगितली पाहिजे: सरोवर उथळ आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी चिलटांचे थवे येतात आणि इटलीतल्या जुन्या घरांना खिडक्यांना जाळ्या असतीलच असं नाही. काठाला चिकटून नको, थोडं वर घर बघा.

पुल्या: सगळं तळमजल्यावर

बारी आणि ब्रिंदिसी या दोन विमानतळांच्या मधे व्हाले दित्रिया हा भाग आहे. लोकोरोतोंदो, चिस्तेर्निनो, मार्तिना फ्रांका ही तिथली गावं. इथे घर म्हणजे त्रुल्लो: चुन्याशिवाय नुसते दगड रचून केलेली गोल किंवा चौकोनी खोली, वर दगडाचाच शंकू. आल्बेरोबेल्लोचे त्रुल्ली 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. भाड्याने मिळणारं घर बहुतेक वेळा तीन-चार शंकूंचा जोड असतो. सगळं तळमजल्यावर, हा मोठा गुण. पण दारं ठेंगणी, खोल्या लहान आणि दोन खोल्यांमधे नीट दार असेलच असं नाही, पडद्यावर भागवलेलं असतं. दोन जोडपी आणि आजी-आजोबांना हे चालेल का, ते आधी बोलून घ्या. मोठी जागा हवी तर 'मास्सेरिया' बघा, म्हणजे जाड भिंतींचा जुना शेतवाडा.

रस्ते सरळ, चढ कमी, समुद्र अर्ध्या-पाऊण तासावर. शाकाहारी माणसाला हा प्रदेश सर्वात जवळचा वाटेल, त्याविषयी पुढे लिहिलं आहे. मात्र मुंबईहून रोमला उतरल्यावर बारीपर्यंत आणखी एक विमान किंवा सुमारे चार तासांची रेल्वे पकडावी लागते. आणि लेच्चेच्या दक्षिणेकडे घर घेणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या: झायलेला नावाचा जीवाणू 2013 मध्ये तिथे सापडला आणि त्याने ऑलिव्हची रानंच्या रानं वाळवली. जाहिरातीतल्या हिरव्या बागा तिथे दिसतीलच असं नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला ते बघताना वाईट वाटतं.

मे महिना की दिवाळी

महाराष्ट्रातल्या शाळांमुळे आपल्या हातात हे दोनच काळ असतात. मे महिना इटलीत उत्तम: व्हाल दोर्चातला गहू हिरवा, शेतांत लाल पॉपी, उकाडा नाही, जुलै-ऑगस्टपेक्षा भाडं कमी. पूलचं पाणी मात्र गार असतं, आणि काही घरं तो महिनाअखेरीसच उघडतात. मुलांना पूलचं वचन देण्याआधी तारीख विचारा.

दिवाळीत ऑलिव्हची तोडणी सुरू असते. ताज्या गाळलेल्या तेलाचा तो तिखट, हिरवा वास आणि भाजलेल्या पावावर ओतलेली धार यासाठी मी थंडीतही जाईन. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इटलीतली घड्याळं एक तास मागे जातात आणि मग पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पूल बंद. हीटिंग कोणत्या तारखेपासून आणि दिवसात किती तास चालवायचं याला तिथे कायद्याने मर्यादा आहे, आणि त्याचे पैसे बरेच मालक वेगळे घेतात. दिवाळीत जाणार असाल तर पूल असलेल्या महागड्या घरावर पैसे घालवू नका.

जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये मुलाकडे आलेले आईवडील सप्टेंबरमध्ये जाऊ शकत असतील, तर तो काळ सगळ्यात चांगला, आणि मग पुल्याच. समुद्र तेव्हा उबदार असतो.

स्वतंत्र व्हिला की आग्रितुरिस्मो

आग्रितुरिस्मो म्हणजे चालू शेतीवरचं पाहुणघर. शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, अशी कायद्याचीच अट आहे. मालक तिथेच राहतो, सांगितलं तर रात्रीचं जेवण मिळतं, पूल सगळ्यांत मिळून एक. स्वतंत्र व्हिलात एकांत पूर्ण असतो, पण रात्री फ्यूज उडाला तर फोनवर माणूस मिळेपर्यंत अंधार.

आठ जणांसाठी मी आग्रितुरिस्मोत शेजारी-शेजारी असलेली दोन-तीन छोटी घरं घेईन. प्रत्येक जोडप्याला आपलं बाथरूम, आजी-आजोबांना तळमजला, आणि एकत्र जेवायला अंगण. एकत्र राहणं आणि एकमेकांच्या अंगावर राहणं यात फरक आहे, आणि आठ दिवसांत तो कळतो. बाथरूमबद्दल एक दिलाशाची गोष्ट: 1975 च्या सरकारी नियमानुसार इटलीतल्या घरात निदान एका बाथरूममध्ये बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्याचं बेसिन, असावंच लागतं. वडीलधाऱ्यांची मोठी अडचण तिथे मिटते.

ओट्याशी उभ्या राहणाऱ्यासाठी

इटलीतल्या घरांना वीजजोडणी बहुधा 3 किलोवॉटची असते. ओव्हन, एसी आणि पाण्याची किटली एकदम लावली की मीटर पडतो. म्हणून गॅसची शेगडी आहे का हे विचारा, आणि असेल तर छोटा कुकर बरोबर न्या.

नेताना काळजी घ्या: युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई नको. ताजा कढीपत्ता नको आणि मे महिन्यात जात असलात तरी हापूसची पेटीही नको. डाळ, मसाले, मेतकूट, गोडा मसाला चालतो. बेसन नेण्याचीही गरज नाही, 'फारीना दी चेची' या नावाने हरभऱ्याचं पीठ तिथल्या सुपरमार्केटात मिळतं आणि पिठलं छान होतं. उंब्रियात कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर मिळते, ती भिजवावीही लागत नाही. तिथलीच 'तोर्ता आल तेस्तो' ही तव्यावर भाजलेली जाड पोळी बघून आजींना भाकरीची आठवण येईल. पुल्यात 'फावे ए चिकोरिया', म्हणजे वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा घोटा आणि वर कडवट पालेभाजी, हे शेतकऱ्याचं जेवण आहे आणि पूर्ण शाकाहारी आहे. टस्कनीतली 'रिबोल्लिता' हीही मुळात पाव, भाज्या आणि पावट्यासारख्या दाण्यांची आमटी. टस्कनी आणि उंब्रियातला पाव अळणी असतो, तो बिघडलेला समजू नका.

कडक शाकाहारी असाल तर तीन शब्द पाठ करा: 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी, 'आच्चूगे' म्हणजे छोटे मासे, 'काल्यो' म्हणजे चीज विरजण्याचं रेनेट. पार्मेझान चीजमध्ये ते नेहमी वासराच्या जठरातलंच असतं.

गाडी, व्हिसा, पैसे

निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या, आपल्या परवान्याबरोबर तो तिथे लागतो. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, लवकर बुक करा. नऊ आसनी व्हॅन जुन्या गल्ल्यांत अडकते, मी दोन लहान गाड्या घेईन. शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल' (ZTL), म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश, अशी पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. 2024 पासून प्रौढांना शुल्क 90 युरो आहे, आणि निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्कामाचा पुरावा अर्जाबरोबर द्यावा लागतो, म्हणजे घर व्हिसाआधी बुक करावं लागतं. म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच घर घ्या, थोडं महाग पडलं तरी. स्वतंत्र व्हिलांच्या अटी इथे बहुधा कडक असतात.

जाहिरातीत 'चिन' (CIN) हा भाड्याच्या घराचा राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे का बघा, 2025 पासून तो बंधनकारक आहे. पोचल्यावर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्याला सक्तीचं असतं. घाबरू नका.

माझा कौल

या आठ जणांनी मे महिन्यात त्रासिमेनोच्या पश्चिमेला आग्रितुरिस्मो घ्यावा. पुढच्या वेळी, मुलं मोठी झाल्यावर, कियांती. पैसे भरण्याआधी मालकाला एवढं विचारा: बाथरूमसह किती झोपायच्या खोल्या तळमजल्यावर आहेत? डांबरी रस्ता संपल्यावर घर किती लांब आहे? पाव-दूध मिळणारं दुकान गाडीने किती मिनिटांवर? शेगडी गॅसची की विजेची? अखेरची साफसफाई, चादरी, हीटिंग आणि माणशी पर्यटन कर धरून एकूण किती? अनामत किती आणि परत किती दिवसांत? आणि पूलभोवती कुंपण आहे का?