बेळगावात शिकायला येताय: होस्टेल, पीजी की तिघांत एक खोली?

प्रवेश पक्का झाला की घरात पहिला विषय भाड्याचा निघतो. भाडं बघायलाच हवं. पण जोयडा, कणकुंबी, चंदगड किंवा निपाणीकडून येऊन बेळगावात राहणाऱ्या मुलामुलींची अडचण होते ती बहुतेक वेळा संध्याकाळी. कॉलेजातून परतल्यावर जेवण तयार आहे की करायचं आहे, नळाला पाणी आलंय का, सकाळी वाळत घातलेले कपडे वाळलेत का, यावर अभ्यासाला किती वेळ उरतो ते ठरतं. म्हणून इथे प्रत्येक पर्याय भाड्याआधी संध्याकाळच्या हिशोबाने तपासला आहे.

आमचं मत आधीच सांगतो. कॉलेज शहराबाहेर असेल तर पहिलं वर्ष होस्टेलवर काढा. कॉलेज शहरात असेल आणि रोज तासभर हाताशी असेल, तर दुसऱ्या वर्षापासून तिघांत एक खोली आणि दुपारची खाणावळ हे सर्वांत बरं. पीजी (पेइंग गेस्ट) घ्यावं ते मेडिकल, फार्मसी, नर्सिंग अशा दिवसभराच्या अभ्यासक्रमाला असणाऱ्यांनी, ज्यांना स्वयंपाकाला खरोखरच वेळ नाही.

आधी कॉलेज नेमकं कुठे भरतं ते बघा

राणी चन्नम्मा विद्यापीठाचा जुना परिसर भूतरामनहट्टीला आहे, म्हणजे शहराबाहेर, निपाणी-कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर. नवा परिसर हिरेबागेवाडीला, बरोबर उलट, धारवाडच्या दिशेला. आपला विभाग कुठे भरतो हे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारा आणि मगच खोलीचं बोलणं करा. एका दिशेला खोली घेऊन दुसऱ्या दिशेला वर्ग भरले, तर रोजचे दोन-अडीच तास बसमध्ये जातात.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ मच्छेला, खानापूर रस्त्यावर. गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज त्याच रस्त्यावर पण अलीकडे, उद्यमबागेत. त्यांना अनगोळ, भाग्यनगर, मजगाव, पिरनवाडी जवळ पडतं. आरपीडी, जीएसएस आणि आरएल लॉ ही कॉलेजं टिळकवाडीत, तर जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज नेहरूनगरात, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. टिळकवाडीत राहून नेहरूनगरला जायचं तर शहर आडवं ओलांडावं लागतं आणि बहुधा सीबीटीला, म्हणजे मुख्य बसस्थानकावर, बस बदलावी लागते. चालत अर्धा तास किंवा एकच बस, यापलीकडची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

होस्टेल

होस्टेलचा खरा फायदा म्हणजे जेवण आणि पाणी या दोन गोष्टी डोक्यातून जातात. पहिल्या वर्षी त्याची किंमत मोठी असते. नवा अभ्यासक्रम, नवी माणसं, कार्यालयातला कानडी कारभार, एवढं सांभाळताना वर कुकरची शिट्टी मोजत बसणं जड जातं.

फी विचारताना खोलीचे आणि मेसचे पैसे वेगवेगळे विचारा. मेस ठरावीक रकमेची आहे की डिव्हायडिंगची, हे महत्त्वाचं. डिव्हायडिंग म्हणजे महिन्याचा एकूण खर्च जेवणाऱ्यांत वाटायचा. त्यात सुट्टीचे दिवस वजा होतात, पण सलग किती दिवस आधी कळवून गेलं तरच, याचा प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. दर शनिवारी घरी जाणाऱ्या खानापूरच्या मुलाला ठरावीक रकमेची मेस महाग पडते, कारण महिन्याचे आठ-नऊ दिवस तो न जेवलेल्या जेवणाचे पैसे भरतो.

होस्टेलची अडचण दोन ठिकाणी होते. एक, दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत बऱ्याच ठिकाणी खोली रिकामी करून द्यावी लागते. ट्रंक, गादी, पुस्तकं कुठे ठेवायची हे आधीच विचारा. दुसरं, गेटची वेळ. मुलींच्या होस्टेलला ती अधिक कडक असते. लायब्ररी किंवा प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चालत असेल, तर विभागाच्या पत्रावर सवलत मिळते का, ते वॉर्डनना प्रवेशाआधी विचारावं.

रॅगिंगची भीती पालकांच्या मनात असतेच. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांचं प्रतिज्ञापत्र घेतलं जातं आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुलाच्या फोनमध्ये हा नंबर पहिल्याच दिवशी घालून द्या.

पीजी

पीजीत खाट, कपाट, सकाळचा नाष्टा आणि रात्रीचं जेवण एका रकमेत येतं. दुपारचं जेवण त्यात आहे का, हे लोक विचारायला विसरतात आणि मग बाहेर खाण्यात वेगळे पैसे जातात. रविवारी रात्रीही विचारा, कारण रविवारी दुपारी गोडधोड करून संध्याकाळी स्वयंपाकघर बंद ठेवण्याची पद्धत सर्रास आहे, पीजीत आणि खाणावळीतही.

पीजी बघायला दुपारी जाऊ नका. रात्री आठला जा. तेव्हा जेवणाची रांग दिसते, एका बाथरूममागे किती जण ते कळतं आणि राहणाऱ्या मुलांना बाजूला घेऊन विचारता येतं. सहा जणांमागे एक बाथरूम असेल तर सकाळी साडेआठच्या तासाला वेळेवर पोहोचणं रोजची कसरत होते.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतही पूर्ण पैसे घेतात का, सोडायच्या किती आधी सांगायचं, रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून किती कापतात, हे तोंडी न ठेवता कागदावर घ्या. या पर्यायात स्वातंत्र्य होस्टेलइतकंच कमी आणि पैसे बहुधा सर्वांत जास्त. तरीही दिवसभर वॉर्डात उभं राहून आलेल्या मुलीला ताट वाढून मिळतं, हे लहान सुख नाही.

खोली

खोली स्वस्त पडते हे खरं, पण चार गोष्टी नीट पाहिल्या तरच.

पहिली पाणी. बेळगावला राकसकोप आणि हिडकल इथून पाणी येतं. काही वॉर्डांत ते चोवीस तास असतं, बाकी भागात काही दिवसांच्या अंतराने सोडतात. माणशी रोज १०० लिटर धरा. तिघे आणि चार दिवसांचं अंतर, म्हणजे १,२०० लिटर. गच्चीवर ५०० लिटरची एकच टाकी आणि ती दोन बिऱ्हाडांत असेल तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. शहापूर, टिळकवाडीच्या जुन्या घरांना विहीर असते. धुण्या-अंघोळीला तिचा मोठा आधार होतो, मात्र ते पाणी पिऊ नये.

दुसरी ओल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत आधी भिजते. मे महिन्यात खोली बघताना सगळं कोरडं दिसतं. तेव्हा त्या भिंतीचा खालचा दोन फूट भाग बघा. रंगाला फुगे आलेत, पांढरी भुकटी सुटते, म्हणजे लोणा लागलेला आहे. फक्त तेवढाच पट्टा ताजा रंगवलेला असेल तरीही संशय घ्या. अशा भिंतीला लावलेल्या कपाटातली पुस्तकं ऑगस्टपर्यंत बुरशी धरतात. समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली शंभर-दोनशे रुपये महाग असली तरी घ्यावी, कारण वारा खेळला तरच आतल्या दोरीवरचे कपडे वाळतात. जीन्स पावसाळ्यात घरीच ठेवा. पातळ पँट एका रात्रीत वाळते, जीन्सला तीन दिवस लागतात आणि तोवर तिला कुबट वास येतो.

तिसरी वीज. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरगुती मीटरला जुन्या सरासरी वापराच्या हिशोबाने, कमाल २०० युनिटपर्यंत, बिल माफ होतं आणि भाडेकरूलाही अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी खोलीला स्वतंत्र मीटर हवा. मालकाचा आणि तीन खोल्यांचा मीटर एकच असेल, तर वापर २०० च्या वर जातो आणि पूर्ण बिल वाटून भरावं लागतं. तिघांचा अंदाज असा: पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड प्रत्येकी २० मिनिटं म्हणजे रोज दीड युनिट, इंडक्शन पाऊण तास म्हणजे जवळपास एक युनिट, दिवे-पंखा-लॅपटॉप एक युनिट. महिन्याला शंभर-सव्वाशेच्या आसपास.

इथेच एक धोका आहे. भिंतीतला छोटा ६ अँपिअरचा सॉकेट साधारण १,३८० वॅटपर्यंतच झेपतो. त्यावर रॉड किंवा पूर्ण ताकदीवर इंडक्शन लावलं तर प्लग वितळतो, कधी वायरिंगच जळतं. मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा सॉकेट नसेल तर मालकाला सांगून आधी बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड हा त्यावर उपाय नाही.

चौथी गोष्ट भागीदार. समजा भाडं ७,५०० आहे आणि तिघे आहात, तर प्रत्येकी २,५००. जानेवारीत एक जण कोर्स सोडून गेला की उरलेल्या दोघांवर ३,७५० येतात. सेमिस्टरच्या मध्यात तिसरा मिळणं कठीण. म्हणून ११ महिन्यांच्या भाडेकरारात तिघांचीही नावं घाला, डिपॉझिट प्रत्येकाने आपापल्या खात्यातून मालकाला पाठवा आणि आपसात एक ओळ लिहून ठेवा की जाणाऱ्याने बदली माणूस द्यावा, नाहीतर दोन महिन्यांचं भाडं. मित्रांत असलं कशाला, असं वाटतं. मैत्री टिकवायची असेल तर हेच करावं. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, कड्या यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या. मांसाहाराची अट असते का, अंडं तरी चालतं का, हेही तेव्हाच विचारा.

खोलीवरचं जेवण

दोन्ही वेळा स्वयंपाक करायचा बेत पंधरा दिवसांत मोडतो. टिकतं ते असं: दुपारी कॉलेजजवळच्या खाणावळीत महिन्याचं खातं आणि रात्री खोलीवर कुकर. तिघांसाठी महिन्यातल्या २६ रात्री धरल्या, तर साडेसहा किलो तांदूळ, पावणेतीन किलो डाळ आणि दीड-दोन लिटर तेल पुरतं. भाजी आठवड्यातून दोनदाच आणा. फ्रीज नसतो आणि पावसाळ्यात पालेभाजी दुसऱ्या दिवशीच सडते.

घरून आणलेला अॅल्युमिनियमचा जुना कुकर इंडक्शनवर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच तो चालतो. आत डबे बसतील असा पाच लिटरचा, इंडक्शन बुडाचा कुकर घ्या. तूरडाळ वीस मिनिटं भिजवा. इंडक्शनवर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर ताकद ८०० वॅटपर्यंत उतरवून दहा-बारा मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं.

वीज गेली तर म्हणून कोणी छोटी शेगडी ठेवतात. त्यासाठी ओळखपत्रावर मिळणारा कंपनीचा पाच किलोचा सिलिंडरच घ्या. दुकानात मोठ्या टाकीतून भरून देणाऱ्या बाटल्या बेकायदा आहेत आणि बंद खोलीत जिवावर बेततात.

स्वयंपाकाचा कंटाळा आलेल्या रात्रीसाठी जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दही. या भाकऱ्या कित्येक दिवस टिकतात, पण उघड्या राहिल्या तर पावसाळ्यात सादळतात. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

अप-डाऊन आणि नातेवाईक

खानापूर २५-२६ किलोमीटरवर. कर्नाटकचा पत्ता असलेल्या मुलींना शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या बसला तिकीट नाही. अशा मुलीने, कॉलेज खानापूर रस्त्यावरच असेल तर, पहिलं सेमिस्टर अप-डाऊन करून पाहावं. चंदगडच्या मुलीला ही सवलत लागू नाही आणि महाराष्ट्र एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरतीच चालते. शिवाय सीमाप्रश्न तापला की आंतरराज्य फेऱ्या थांबतात. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसंच झालं. परीक्षेच्या आठवड्यात असं घडलं तर पेपर बुडेल, म्हणून चंदगडकडच्यांनी बेळगावात राहणंच बरं.

मावशी-आत्याकडे राहायचं असेल तर महिन्याची रक्कम किंवा धान्य पहिल्याच महिन्यात ठरवून द्या, आणि अभ्यासाला वेगळी जागा मिळते का ते स्पष्ट विचारा. त्यांच्या घरी दहावीचं मूल असेल तर हा पर्याय सोडून द्या.

शिष्यवृत्तीने गणित बदलतं

कर्नाटकातल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर सरकारी वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर विद्यासिरी योजनेत जेवण-निवासासाठी दरमहा ठरावीक रक्कम, दहा महिने मिळते. अर्ज एसएसपी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. त्याला नाडकचेरीतून (गावाकडचं महसूल कार्यालय) काढलेला जात-उत्पन्न दाखला लागतो आणि त्यावरचा आरडी क्रमांक, म्हणजे दाखल्याचा नंबर, टाकावा लागतो. अर्ज अडतात ते बहुधा नावामुळे. मराठी आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे छापलेलं असतं, तर कानडी दाखल्यावर तिसरंच. आधारवरचं नाव गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते शाखेत जाऊन बघा. ही दोन कामं निकालानंतर लगेच, गावात असतानाच उरकावीत. वर्ग सुरू झाले की नाडकचेरीसाठी एकेक दिवस बुडवून गावी जावं लागतं.