पिथागोरिओ, सामोस: बंदरावरच्या खुर्च्या सोडा आणि डोंगरात शिरा

ग्रीसच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला जवळजवळ खेटून सामोस हे बेट आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर पिथागोरिओ नावाचं छोटं बंदरगाव आहे. १९५५ पर्यंत या गावाचं नाव तिगानी होतं. पायथागोरस याच बेटावरचा, म्हणून त्याच्या नावानं गाव नव्यानं ओळखलं जाऊ लागलं. हेरा देवीच्या मंदिराचे अवशेष आणि हे गाव मिळून १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

मी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात नोकरी केली. बरोबर ताई होती, तिनं शाळेत भूमिती शिकवली. भाचा जर्मनीत असतो, उन्हाळ्यात तिथून सामोसला थेट विमानं असतात, त्यामुळे त्यानंच हा बेत आखला. ग्रीस म्हटलं की आपल्याकडची मंडळी सांतोरिनी आणि मिकोनोस करून परततात. सामोसबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिल्यांदा बोगदा. बाकी सगळं नंतर.

गावामागच्या डोंगरात एव्पालिनोसचा बोगदा आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात मेगारा गावच्या एव्पालिनोस नावाच्या स्थापत्यकारानं तो खणवून घेतला. लांबी १०३६ मीटर, उंची-रुंदी साधारण माणूस उभा राहील एवढी. डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी तटबंदीच्या आत आणायचं होतं, तेही शत्रूच्या नजरेला पडणार नाही अशा वाटेनं. काम लवकर व्हावं म्हणून डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खणायला सुरुवात केली. छिन्नी आणि हातोडा, चुनखडीचा कातळ, आत तेलाच्या दिव्याचा उजेड. दोन तुकड्या डोंगराच्या पोटात एकमेकींना भेटल्या, तेव्हा दोन्हीकडच्या जमिनीच्या पातळीत जेमतेम ६० सेंटिमीटरचा फरक होता. लेव्हल घेण्याच्या कामात ज्यांनी उन्हात दिवस काढलेत, त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मला सर्वांत भावली ती एव्पालिनोसची विचार करण्याची पद्धत. बोगद्याला त्यानं उतार दिलेलाच नाही, जमीन जवळपास सपाट ठेवली आहे. पाण्यासाठी बोगद्याच्या एका कडेला वेगळी चर खणली. उत्तरेकडे, म्हणजे झऱ्याच्या बाजूला, ती सुमारे चार मीटर खोल आहे आणि दक्षिणेकडे येईतो आठ मीटरच्याही खाली जाते. म्हणजे दोन तुकड्यांना गाठायचं काम एक, आणि पाण्याला उतार द्यायचं काम दुसरं. दोन अवघड प्रश्न त्यानं एकमेकांत गुंतू दिले नाहीत. उत्तरेच्या बाजूला खडक कच्चा लागला, तेव्हा सरळ रेषा सोडून तो त्रिकोणी वळसा घेऊन पुढे गेला. भेटीची जागा जवळ आली तेव्हाही बोगद्याला मुद्दाम वळणं दिली, म्हणजे दोन तोंडं समांतर राहून एकमेकांना चुकणार नाहीत. भिंतीवर लाल रंगानं केलेल्या मोजणीच्या खुणा आहेत. गाइडनं त्यावर विजेरी धरली तेव्हा ताई किती तरी वेळ तिथून हलेना. "अगं, यांच्याकडे युक्लिडसुद्धा नव्हता," ती म्हणाली. खरंच आहे, भूमितीचा ग्रंथ लिहिणारा युक्लिड त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी आला.

चरीच्या तळाशी भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवलेले होते. गाइडनं सांगितलं, की पुढे या नळांची वरची बाजू फोडून काढावी लागली, कारण पाण्यातला क्षार बसून नळ तुंबत होते. हे ऐकून मी थांबलेच. आमच्या मराठवाड्यात कठीण पाण्यानं नळ कसे आतून भरत येतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुरुस्ती करणारा कोणी तरी सामोसवाला त्या अंधारात वाकून एकेक नळ फोडत आणि खरवडत गेला असेल, आणि म्हणून ही योजना सुमारे अकराशे वर्षं चालली. बांधणाऱ्याचं नाव प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलं. देखभाल करणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

मी छत्रपती संभाजीनगरची. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून आणलेली नहर-ए-अंबरी आमच्याच शहरात आहे, आणि तिचे दगडी मनोरे लोक रोज ओलांडून जातात. इथे या बोगद्याची जी निगा राखली आहे, दुरुस्ती करून २०१७ मध्ये तो लोकांसाठी पुन्हा उघडला आहे आणि तिकीट, टोपी, गाइड सगळं नीट लावून दिलं आहे, ते पाहून आपल्या नहरीसाठीही कोणी तरी एवढं करावं असं फार मनापासून वाटलं.

आता व्यवहाराचं. आत गाइडबरोबरच जाता येतं, गट लहान असतात आणि डोक्यावर शिरस्त्राण घालावं लागतं. कमी-जास्त लांबीचे फेरे असतात. सुरुवातीला अरुंद, उभा जिना आहे आणि पुढचा थोडा भाग इतका चिंचोळा, की खांदे तिरके करून जावं लागतं. बंद जागेची भीती असेल तर लांबचा फेरा घेऊ नका. ताईचे गुडघे दुखतात. तिनं लहान फेरा केला आणि ती त्यावर पूर्ण समाधानी होती. मी लांबचा केला आणि तो पैसे वसूल करणारा आहे असं ठामपणे सांगेन. आत थंड आणि ओलसर असतं, तेव्हा पातळ स्वेटर आणि घट्ट पकडीचे बूट हवेत. जागा मर्यादित असल्यानं वेळ आधी ठरवून घ्या आणि सकाळचा पहिला गट मिळाला तर तोच घ्या. गावातून प्रवेशद्वारापर्यंत चढ आहे. ज्येष्ठांनी टॅक्सी करावी.

त्याच वाटेवर जुनं नाट्यगृह लागतं आणि त्याच्यावर पनागिया स्पिलियानी, म्हणजे गुहेतलं मारियामातेचं देऊळ. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून पायऱ्या उतरून त्या गुहेत गेलं की छतातून पाणी ठिबकत असतं. अंगणातून खालचं बंदर आणि समोरचा तुर्कस्तानचा डोंगर असं सगळं एका नजरेत येतं. इथे वर्दळ कमी, जरूर बसा.

हिरोडोटसनं सामोसबद्दल लांबण लावली, ती इथल्या लोकांनी तीन मोठी कामं केली म्हणून, असं तो स्वतःच सांगतो. पहिलं काम हा बोगदा. दुसरं बंदराचा धक्का, वीस पुरुष (पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढं माप) खोल पाण्यात भराव टाकून बांधलेला. आजचा लाटारोधक बांध त्याच जुन्या धक्क्यावर उभा आहे. संध्याकाळी लोक त्यावर फिरायला जातात. बहुतेकांना पायाखाली काय आहे ते ठाऊक नसतं, कारण तिथे चार ओळींचा फलकही मला दिसला नाही. गावानं तेवढं करायला हवं.

बंदराच्या टोकाला पायथागोरसचा पुतळा आहे. एक तिरपा खांब, एक आडवी बाजू, आणि उभी बाजू पूर्ण करायला स्वतः पायथागोरस हात उंचावून उभा. काटकोन त्रिकोण तयार. लोक फोटो काढून लगेच वळतात. ताई मात्र तिथे बराच वेळ होती. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात दर वर्षी हाच सिद्धांत फळ्यावर मांडणाऱ्या बाईला तिथे काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. मागून एक इटालियन कुटुंब आलं, त्यांच्या लहान मुलीला ताईनं वाळूवर तीन, चार आणि पाच अशा बाजूंचा त्रिकोण काढून दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मुलीनं बोटांनी पंचवीस मोजून दाखवले. शुल्बसूत्रांत बौधायनानंही आयताच्या कर्णाचं हेच सांगितलं आहे, ते आम्ही भाच्याला रात्री जेवताना ऐकवलं.

तिसरं काम हेराचं मंदिर, हेरायोन. गावापासून पश्चिमेला काही किलोमीटरवर, विमानतळाच्या पलीकडे. हिरोडोटसच्या पाहण्यातलं हे सर्वांत मोठं देऊळ. १५५ खांबांपैकी आज एकच उभा आहे, तोही पूर्ण उंचीचा नाही. खरं सांगते, नुसतं बघायला गेलात तर निराश व्हाल. दगडांचं पसरलेलं मैदान, पाणथळ जमीन, सावली जवळजवळ नाही. आधी गावातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा, मग इथे या. संग्रहालय लहान आहे, वातानुकूलित आहे आणि मांडणी फार समजूतदार आहे. बसलेल्या आयाकेसची संगमरवरी मूर्ती आणि रोमन सम्राट ट्राजनचा प्रचंड पुतळा चुकवू नका. ते डोक्यात ठेवून हेरायोनला गेलं, की पायथ्याच्या दगडांवरून चालताना मंदिराचा पसारा कळतो. टोपी, पाणी आणि सकाळची वेळ, एवढं पाळा.

गावाच्या पश्चिमेला टेकाडावर लोगोथेतिसचा गढीवजा बुरूज आणि त्याला लागून मेतामोर्फोसिसचं चर्च आहे. ६ ऑगस्ट १८२४ रोजी तुर्की आरमार इथून परतवलं गेलं आणि तो दिवस येशूच्या रूपांतराच्या सणाचा होता, म्हणून चर्चला ते नाव. बुरूज आतून फार काही नाही. बाहेरच्या दगडी कठड्यावरून सूर्यास्त मात्र बघावा.

खाणं. आम्ही दोघी शाकाहारी, भाचा सगळं खाणारा. बंदराला लागून ओळीनं खुर्च्या मांडलेल्या उपाहारगृहांत दारावरचा माणूस हातात मेन्यू घेऊन पुढे येतो. तिथे जागेचे पैसे द्यावे लागतात, आणि एका ठिकाणी आम्हाला कोमट, आदल्या दिवशीचं वाटावं असं ब्रियाम, म्हणजे तेलात भाजलेल्या मिश्र भाज्या, वाढलं. मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत जा. तिथे काबुली चण्याचे वडे, म्हणजे रेविथोकेफ्तेदेस, गरम तळून येतात. पुदिन्याचा वास आणि आत मऊ. फावा हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल, आणि ताईनं रोज तेच मागवलं. खोर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं गिगांतेस, भोपळी मिरचीत भरलेला भात. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास बरेच असतात, त्या दिवसांत मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्यांची मोठी परंपरा आहे. "नीस्तीसिमो" हा शब्द लक्षात ठेवा. वेटरला तेवढा विचारला की उपवासाला चालणारे पदार्थ तो स्वतः दाखवतो. मात्र समुद्रातले काही जीव उपवासाला चालतात, कोळंबी, माखुल आणि अष्टपाद, ते वगळायला सांगा.

भाच्यानं जाळीवर भाजलेलं अष्टपाद आणि तळलेले छोटे मासे खाल्ले आणि खूश होता. सामोसची मस्कत द्राक्षांची गोड वाइन प्रसिद्ध आहे. इथल्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ १९३४ पासून ती बनवतो. जेवणानंतर थंडगार, लहान पेल्यात. सहकाराच्या जोरावर अख्ख्या बेटाचं द्राक्ष जगभर जातं, हे महाराष्ट्रातल्या माणसाला चटकन भिडतं.

खरेदीत एकच वस्तू सांगते: पायथागोरसचा पेला. मातीचा पेला, मध्ये उभा खांब, आत एक रेघ. रेघेपर्यंत भरला तर काही होत नाही, रेघ ओलांडली की सगळं पेय बुडातून वाहून जातं, थेंबही उरत नाही. हावऱ्याला धडा म्हणून पायथागोरसनं हा केला अशी गोष्ट दुकानदार सांगतात. आत साधा सायफन, म्हणजे द्रव ओढून बाहेर सोडणारी वाकडी नळी आहे, स्वयंचलित फ्लशच्या टाकीत असतो तोच. विकत घेण्याआधी दुकानातच पाणी भरून बघा, कारण स्वस्त पेल्यांत आतली नळी नीट सुटलेली नसते आणि पेला हळूहळू गळतो. आमच्या दुकानदारीणबाईंनी आनंदानं तीन पेले भरून दाखवले, मगच पैसे घेतले.

समुद्रासाठी गावालगतचा तार्सानास किनारा पुरेसा आहे. सगळीकडे गोटे आहेत, रबरी चपला घाला. पोतोकाकी लांबलचक आणि स्वच्छ आहे, पण डोक्यावरून विमानं उतरतात. सामिओपुला बेटाची बोट वाऱ्यावर अवलंबून. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून बोटीचा दिवस मुक्कामाच्या शेवटाला ठेवू नका.

एक महत्त्वाची गोष्ट. बंदरावर तुर्कस्तानातल्या कुशादासीची एक दिवसाची सहल विकतात. युरोपीय माणसाला ते सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा व्हिसा लागतो, आणि तिकडे गेलं की तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या बाहेर पडता, म्हणजे परत यायला अनेकदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा हवा. तिकीट विकणारी मुलगी हे आपणहून सांगत नाही. एकदाच प्रवेशाचा शिक्का असेल तर त्या बोटीत पाय ठेवू नका.

रात्री मुक्काम करा, क्रूझ किंवा बसनं दोन तासांसाठी येऊन जाऊ नका. दुपारी दिवसाचे पर्यटक बंदरावर गर्दी करतात, संध्याकाळी ते गेले की गावातली म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन दारात बसतात. खोली बंदरावर घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं. मागच्या चढावरची घरं शांत आहेत आणि भाडंही कमी. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदराहून येणारी मोठी जहाजं बहुधा वथी किंवा कार्लोवासीला लागतात, या बंदरात नाही, तेव्हा तिकीट काढताना बंदराचं नाव वाचा. विमानतळ मात्र गावापासून टॅक्सीनं काही मिनिटांवर आहे. सप्टेंबर उत्तम: समुद्र उबदार, वारा कमी, आणि बोगद्याच्या गटात जागा मिळते.

गुण द्यायचे तर बोगद्याला पाचपैकी पाच, संग्रहालयाला साडेचार, गल्लीतल्या जेवणाला चार, बंदरावरच्या जेवणाला दोन.