मातीची परळ: पाखरांच्या पाण्यासाठी घ्यावी, पण पारखून

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मडकी-कुंड्यांच्या रांगेत परळी, म्हणजे मातीची पसरट, उथळ ताटेही मांडलेली असतात. बागेत पाखरांसाठी पाणी ठेवायचे असेल तर उभ्या खांबावरचे सिमेंटचे पात्र किंवा टांगायचे प्लॅस्टिकचे भांडे घेण्याआधी ही परळ बघावी. ती स्वस्त, आणि पाखरे आंघोळीला उतरतात तीही तिच्यातच.

सगळी करामत उताराची. ३८ सेंमी व्यासाची परळ मध्यभागी ५ सेंमी खोल असते आणि काठाकडे उथळ होत जाते. मुनिया, चष्मेवाला यांना दोन सेंमी पाणी पुरे. बुलबुल, सातभाई चार सेंमीपर्यंत जातात. दयाळ बहुधा तिन्हीसांजेला येतो. काठावर शेपटी उभारून इकडेतिकडे बघतो, दोन उड्यांत पोटाएवढ्या पाण्यात जातो आणि पंख आपटून निम्मे पाणी बाहेर उडवतो. खरबरीत मातीवर त्याचे पाय घसरत नाहीत. सिमेंटच्या पात्राची भिंत सरळ, तळ आठ सेंमी खाली आणि वर झिलई. पाखरू काठावरूनच चोच बुडवते आणि निघून जाते. ते आधीच घेऊन ठेवले असेल तर आत चिऱ्याचे तुकडे रचून खोली कमी करा. सिमेंट नवे असेल तर चुना उतरतो, म्हणून आठवडाभर पाणी भरून रोज ओतून द्या. प्लॅस्टिकचे भांडे वाऱ्यावर झोके घेते आणि उन्हात तडकते. त्यावर अधिक बोलण्यासारखे नाही.

घेताना परळ बोटांवर तोलून टिचकी मारा. खणखणीत वाजली तर घ्या. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. काठ जाड आणि गोल हवा, पाखराची पकड त्यावर बसते. ऑइलपेंटने रंगवलेली घेऊ नका, रंगाचे पापुद्रे पाण्यात सुटतात. घरी आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर सुरुवातीला भरलेले पाणी तीच पिऊन टाकते. पुढेही ती पाझरत राहते. त्यामुळे पाणी गार राहते, पण एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा भरावे लागते. काठापासून एक सेंमी खाली, म्हणजे पावणेदोन-दोन लिटर.

डासांचे काय, हा प्रश्न गोव्यात कोणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून नवे भरणे पुरत नाही. अंड्यापासून डास व्हायला उकाड्यात आठवडा-दहा दिवस लागतात. दर दोन दिवसांनी पाणी ओतून नारळाच्या सोडणाने काठ आतून घासला तर डास होत नाहीत. साबण लावू नका, मातीत मुरतो. उकळते पाणीही नको, परळ तडकते.

जागा निवडताना झुडूप दोन-तीन मीटरवर हवे. त्याहून जवळ असेल तर मांजर दबा धरते. त्याहून लांब असेल तर भिजल्या पंखांनी पाखराला आडोसा गाठता येत नाही. मांजरे फिरत असतील तर चिऱ्यांच्या चौथऱ्यावर मीटरभर उंच ठेवा. नसतील तर जमिनीवरच बरी, कस्तूर आणि पाचू कवडा तिथेच येतात. कवडा चोच बुडवून सलग पाणी ओढतो, त्याच्यासाठी मध्यभागी खोली राहू द्या. फुलपाखरे, मधमाश्यांना बसायला चिऱ्याचा एक तुकडा पाण्याबाहेर डोके काढून असू द्या. माडाखाली मात्र ठेवू नका. एक झाप पडला की परळ गेली.

सर्वांत जास्त घाण कावळे करतात. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, माशाचे काटे, जे सापडेल ते भिजवायला आणून टाकतात. कावळ्यांचा राबता असेल तर पाणी रोज बदलावे लागेल. सत्तरी-सांगे या तालुक्यांकडे जिथे माकडे अंगणात येतात तिथे मातीची परळ घेऊच नका, पहिल्या आठवड्यात खापऱ्या होतील. तिथे जड दगडी डोणी बरी.

शिंजीर बहुधा परळीत उतरत नाही, त्याबद्दल परळीला दोष देऊ नका. त्याला ओल्या पानांवर अंग घासायला आवडते, सकाळी जास्वंदीवर पाणी शिंपडा. जूनमध्ये परळ धुऊन, वाळवून छपराखाली पालथी घाला. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा काढताना आधी टिचकी मारून बघा.