बाळाचं स्टीमर-ब्लेंडर घ्यावं का? फ्लॉवर करून ३ महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आमच्या मुलीला ६ महिने पूर्ण झाले ते डिसेंबरात, म्हणजे बडोद्यात खंडेराव मार्केटला फ्लॉवरचे नुसते ढीग लागलेले असतात तेव्हा. मूगडाळ-तांदळाची पेज, मग भोपळा, मग गाजर असं करत फ्लॉवरचा नंबर आला आणि त्याच आठवड्यात मी हे मशीन ऑनलाइन मागवलं, साडेचार हजाराला. एकाच भांड्यात भाजी वाफवायची आणि तिथेच वाटायची. अगदी अश्शीच दिसणारी ४-५ कंपन्यांची आहेत त्यामुळे नावाचं काही नाही, सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. वाफवणं खरंच मस्त होतं. फ्लॉवरचे बोराएवढे तुरे केले तर १५ मिनिटांत इतके मऊ होतात की दोन बोटांत सहज चुरतात, आणि तसेच व्हायला पाहिजेत, कारण अर्धवट शिजलेला तुरा बाळाच्या घशात अडकू शकतो. मोठे तुरे टाकले की देठ कच्चे राहतात, ते परत वाफवावे लागतात. १०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये साधारण ४५-५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि ते पाण्यात विरघळतं, म्हणून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं की बरंचसं त्यातच जातं, वाफेवर त्या मानाने कमी जातं. या मशीनमध्ये वाफेचं पाणी खाली भांड्यात साठतं, ते फेकू नका, प्युरी पातळ करायला तेच वापरा. हे क जीवनसत्त्व डाळीतलं, नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, म्हणून मी पहिले ३ दिवस नुसता फ्लॉवर दिला (काही रिअ‍ॅक्शन येते का ते कळायला एका वेळी एकच नवी गोष्ट) आणि मग तो मूगडाळीच्या खिचडीत मिसळायला लागले, वर थोडं तूप. नुसता तिला आवडला नव्हता, पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून सगळा बाहेर काढला, पण दिवसाआड देत राहिले तर सातव्या-आठव्या वेळेला स्वतःहून तोंड उघडलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की ऑफिसात फोन करून नवऱ्याला सांगितलं.

आता त्रास. ब्लेंडरला कमीत कमी एक वाटीभर भाजी लागते, नाहीतर पातं नुसतंच फिरत राहतं. पण सुरुवातीला बाळ खातं किती, दोन चमचे! मग उरलेलं मोठ्यांच्या आमटीत. झाकणाच्या रबराला फ्लॉवरचा वास बसतो तो साबणाने जात नाही, रबर काढून वेगळं धुवावं लागतं. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे महिन्याभरात मशीनच्या पाण्याच्या टाकीत पांढरा थर, दर १५ दिवसांनी व्हिनेगर टाकून ठेवायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते फारच बारीक वाटतं, एकदम क्रीमसारखं. पहिले थोडे दिवस ठीक, पण ८ महिन्यांपर्यंत बाळाला जरा रवाळ, गोळ्या असलेलं खायची सवय लागायला हवी, आणि मशीनला मधलं काही जमतच नाही. शेवटी वाफवायचं त्यात आणि कुस्करायचं काट्याने, असं सुरू केलं. मग एक दिवस लाइट गेली म्हणून मोदकपात्रात वाफवला, तर तुरे तितकेच मऊ! वेळही जवळजवळ तेवढाच.

सासूबाईंचं म्हणणं होतं की फ्लॉवर वातूळ, एवढ्याशा लेकराला कशाला. त्यांचं अगदीच चूक नाही, त्याने गॅस होऊ शकतो. पण डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हा त्यांनीच मार्ग काढला, की संध्याकाळी द्यायचा नाही, दुपारी द्यायचा, दोन चमच्यांपासून सुरू करायचं. आणि आधी मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात १० मिनिटं बुडवून ठेवायचा, अळ्या तुऱ्यांच्या आत बसलेल्या असतात त्या वर येतात, मग दोनदा साध्या पाण्याने धुवायचा. मशीनच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही.

त्या पुस्तिकेचा मला खरंच राग आलाय. खोक्यावर ‘४ महिन्यांपासून’ आणि आत फ्लॉवरच्या रेसिपीत ‘चवीला मीठ किंवा मध’. अहो, जागतिक आरोग्य संघटना ६ महिने फक्त आईचं दूध सांगते, वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही कारण त्यातून बॉट्युलिझम (जंतूंमुळे होणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो, मिठाची तर गरजच नाही. पहिलटकरीण ते छापलेलं बघून खरं मानणार ना! मी कंपनीला मेल केला, ‘फीडबॅकबद्दल धन्यवाद’ एवढंच उत्तर आलं.

तर माझं मत, ५ पैकी अडीच. घरी मोदकपात्र किंवा कुकरमध्ये ठेवायची चाळणी असेल तर पैसे घालू नका. जुळी असतील, किंवा तुम्ही नोकरीला जाता आणि सकाळी गॅसपाशी उभं राहायला वेळ नाही, तर उपयोग आहे, बटण दाबून बाकीची कामं करता येतात.

आता मुलगी ९ महिन्यांची आहे, मऊ वाफवलेला लांब देठाचा तुरा मुठीत धरून वरचं फूल स्वतः खाते, मी समोरच बसलेली असते. मशीन गेल्या आठवड्यात नणंदेला दिलं, तिला जुळी आहेत. पुस्तिका मात्र काढून ठेवली आणि कागदावर माझ्या हाताने लिहून दिलं, ६ महिन्यांनंतर, मीठ नाही, मध नाही.