गो-टू माउंट घेतलं शोधायला, कामाला आलं वेगळ्याच गोष्टीसाठी

आठ-नऊ महिने वापरल्यावर लिहितोय. मुद्दामच थांबलो होतो, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर निव्वळ शिव्या घातल्या असत्या. माझ्याकडे 130 मिमीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेन्थ 650 मिमी, खाली एका हाताचं कॉम्प्युटरवालं अल्ट-अॅझ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं) गो-टू माउंट, म्हणजे सांगितलेल्या वस्तूकडे दुर्बीण आपोआप वळवणारा स्टँड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या साइजची माउंट्स साधारण सारखीच वागतात.

आधी पहिली रात्र सांगतो. हँडसेटमध्ये (माउंटच्या रिमोटमध्ये) तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं नीट भरलं (असं मला वाटत होतं), अलाइनमेंटसाठी (ओळखीचे तारे दाखवून माउंटला दिशा समजावायला) अभिजित तारा निवडला, माउंट गुर्रर्र करत फिरलं आणि थांबलं तर फाइंडरमध्ये (नळीवरच्या नेम धरायच्या छोट्या साधनात) काहीच नाही. म्हटलं असेल थोडं इकडेतिकडे, बाण दाबत दाबत जवळचा ठळक तारा आणला मध्यभागी आणि ओके दाबलं. दुसरा तारा पण असाच ओढूनताणून बसवला. मग एम 13 वर (मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला ताऱ्यांचा गुच्छ) पाठवलं तर कोरं आकाश, एम 57 वर पाठवलं तर कोरं आकाश. दोन तास गेले. शेवटी कळलं की डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची परदेशी पद्धत) "यस" वर राहिलं होतं. एक तासाची चूक म्हणजे आकाश 15 अंश फिरलेलं, आणि मी अभिजित समजून हंसातला डेनेब मध्यभागी आणला होता 😅 बिचारं माउंट मी सांगितलेल्या खोट्यावर प्रामाणिकपणे काम करत होतं.

म्हणून "तारे ओळखता येत नसतील तरी चालेल" असली जाहिरात वाचून घेणार असाल तर थांबा. निदान आठ-दहा ठळक तारे डोळ्याला ओळखीचे पाहिजेत, स्वाती, अभिजित, ब्रह्महृदय, रोहिणी, व्याध एवढे तरी. तारीख महिना-दिवस-वर्ष अशी मागतो की उलटी ते बघा, आणि फोनवर अक्षांश दशांशात दिसतो पण माझा हँडसेट अंश आणि मिनिटं मागतो, म्हणजे 20.5 असेल तर 20 अंश 30 मिनिटं, 50 नाही. हीपण चूक मी केलेली आहे.

सेटिंग बरोबर असेल आणि दोन तारे एकमेकांपासून लांब, डोक्यावरचे सोडून घेतले, तर मात्र नेम चांगला आहे. 25 मिमी आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) 26 पट मोठं दिसतं आणि साधारण दोन अंशांचं आकाश मावतं, त्यात दहातले आठ-नऊ वेळा वस्तू असतेच. तारा मध्यभागी आणताना शेवटचे बाण कायम त्याच दोन दिशांचे दाबा, गिअरमधली ढिलाई एकाच बाजूला राहते. याने माझा नेम बराच सुधारला, मॅन्युअलमध्ये मात्र हे कुठल्यातरी कोपऱ्यात एका ओळीत उरकलंय.

आता खरा घोळ. माउंट बरोबर जागी गेलं तरी वस्तू "दिसत" नाही! एम 57 म्हणजे स्वरमंडल तारकासमूहातलं कंकण, 26 पटीत जेमतेम एक फुगीर तारा, मी तीन वेळा तो बघून "नाहीये" म्हणून पुढे गेलो. 10 मिमी लावलं, 65 पट झालं, तेव्हा धुराची करड्या रंगाची छोटीशी रिंग दिसली. एम 33 या दीर्घिकेचं (गॅलेक्सीचं) उलटं, कागदावर तेजस्विता 5.7 (आकडा जितका लहान तितकी वस्तू ठळक) म्हणजे सोपी वाटते पण तो उजेड एवढ्या मोठ्या जागेत पसरलाय की शहरी आकाशात पत्ताच लागत नाही. तिथे हँडसेटला दोष देऊन उपयोग नाही. आणि ते बॉक्सवरचे हजारो ऑब्जेक्ट्स, त्यातले बरेचसे 130 मिमीच्या आवाक्यात नाहीतच, मेसिएच्या यादीतल्या 110 मध्येच वर्ष निघून जातं.

मग पैसे वसूल कशात झाले? ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे आकाश सरकेल तसं माउंट वस्तूमागे आपोआप फिरत राहतं त्यात. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. 65 पटीत ट्रॅकिंग बंद असेल तर तीनेक मिनिटांत वस्तू या टोकाकडून त्या टोकाला निघून जाते, सारखं ढकलत बसा. इथे खुर्ची टाकून पंधरा मिनिटं एकाच गोष्टीकडे बघता येतं, आणि अंधुक गोष्टी अशाच दिसतात, नजर थोडी बाजूला ठेवून, निवांत. एम 13 पहिल्या मिनिटाला कापसाचा बोळा होता, दहाव्या मिनिटाला कडेचे तारे सुटे दिसायला लागले. एम 81 आणि एम 82 या दीर्घिका तर 26 पटीत एकाच चौकटीत येतात, एक गोल धुकट, एक काडीसारखी, त्या रात्री मी तिसरं काही शोधलंच नाही.

तक्रारी पण आहेत. आठ पेन्सिल सेल खातं आणि सेल उतरले की "संपले" असं सांगत नाही, वेड्यासारखं भलतीकडे फिरायला लागतं, 12 व्होल्टचा पॉवर बँक घ्याच. ट्रायपॉड हलका आहे, फोकस करताना चित्र थरथरतं, वाऱ्यात विचारूच नका. चुकून नळीला हाताने ढकललं की अलाइनमेंट गेलं, परत पहिल्यापासून. रात्री मोटरचा आवाज शेजारच्यांना ऐकू जाईल इतका आहे. फोटोसाठी घेत असाल तर घेऊ नका, ट्रॅकिंग करतानाही चौकट हळूहळू फिरत राहते, काही सेकंदांच्या वर एक्स्पोजर दिलं की कडेचे तारे ओढल्यासारखे येतात.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क त्या डेलाइट सेव्हिंगसाठी कापलाय, चूक माझी असली तरी.