वडीलजन प्रशिक्षण वर्ग, इंदूर: सराव उत्तम, हिशेबाचा धडा अपुरा

वडीलजन म्हणजे मंडळीचा, अर्थात स्थानिक चर्चचा, कारभार पाहणारे; हा वर्ग त्यांच्यासाठी. सहा शनिवार, दुपारी 2 ते 5. माणशी 400 रुपये, त्यात वही आणि चहा-पोहे. एका मंडळीतून किमान तिघांनी यायचं ही अट रास्त आहे. एकटाच शिकून गेला तर पाळकांना (पास्टरांना) आणि कमिटीला पटवण्यातच त्याचा दम निघतो.

पहिला शनिवार बायबलचा. इथ्रोने मोशेला हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगितलं, हे बहुतेकांना पाठ असतं. प्रेषितांची कृत्ये 6 मात्र इथे बारकाईने घेतात. सात जण निवडले मंडळीने. प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले. तक्रार होती की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, आणि सातही नावं ग्रीक आहेत. हिंदी उपासनेच्या मंडळीतल्या मराठी घरांना हे लगेच कळेल!

वर्गाची खरी किंमत सरावात आहे. घरची प्रार्थनासभा चालवायला शिकणारा पहिल्या दोन सभा नुसता बसतो आणि टिपून ठेवतो: कोण बोललं, कोण गप्प राहिलं, किती वेळ गेला. पुढच्या दोन सभांत गीत आणि प्रार्थना त्याच्याकडे, वचन (बायबलमधला संदेश) जुन्या वडिलांकडे. मग पूर्ण सभा त्याची. शेवटी तोच दुसऱ्याला शिकवतो, 2 तीमथ्य 2:2 प्रमाणे. गाडी अडते ती तिसऱ्या पायरीवर. जुने वडील मागच्या चटईवरून पुढच्या गीताचा नंबर सांगतात आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. त्या संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या घरच्या सभेला जावं, हा वर्गाचा सल्ला अगदी अचूक.

पद देण्याआधी तीन महिने पारख (1 तीमथ्य 3:10) आणि एका माणसाला एकच काम, हेही पटतं. गळा चांगला म्हणून गायनाचा गट, मग संडे स्कूल, मग तरुण संघ असं एकाच्याच गळ्यात घातलं की वर्षभरात तो शेवटच्या बाकावर दिसतो.

पैशाला मात्र जेमतेम अर्धा तास. अर्पण दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी मोजावं, नोटांच्या तपशिलासह दोन चिठ्ठ्या कराव्यात, दोघांनी सही करावी, सोमवारी बँकेत भरणा आणि पासबुक तिसऱ्याने तपासावं, एवढं तरी करून घ्यायला हवं होतं. बाप मोजतो आणि लेक लिहितो तिथे पै न पै बरोबर असली तरी कुजबूज होतेच. पायउतार होण्याबद्दलही अक्षर नाही. तीन वर्षांची मुदत ठेवून दरवर्षी एक तृतीयांश वडील निवृत्त केले, तर सगळी कमिटी एकदम नवखी होत नाही.

वही हिंदीत आहे. आपले ‘वडील’ तिथे ‘प्राचीन’ होतात आणि ‘मंडळी’ची ‘कलीसिया’. मराठी बायबल सोबत न्या.

नाव नोंदवण्याआधी कमिटीकडून लिहून घ्या की परत आल्यावर कुणाला कोणतं काम मिळणार आणि मंडळीच्या कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे राहणार.